रोवणीत कुलूप लावलेले पाळणाघर

ती घटना मला मुद्दाम आठवावी लागत नाही. शेतात धानाचे पऱ्हे, म्हणजे रोपे, उपटायला सुरुवात झाली, टेम्पोत दाटीने उभ्या राहिलेल्या बाया दिसल्या, की ती आपोआप समोर येते. नोकरीत असताना मी ती बऱ्याचदा सांगितली. नव्या शिपायांच्या वर्गात सांगितली, वरिष्ठांसोबतच्या जेवणात सांगितली. दरवेळी शाबासकी मिळाली. मात्र दरवेळी मी तिच्यातला एक तुकडा गाळत आलो. स्वेच्छानिवृत्ती घेऊन आता वर्ष होत आले. आज तो तुकडा जागेवर ठेवून सगळी हकिकत लिहितो. नावे कुणाचीच देणार नाही, त्यांची गरजही नाही.

लाखांदूरकडच्या धानपट्ट्यात एका ठाण्याचा मी प्रभारी होतो. आमच्या भागात रोवणीचे दिवस म्हणजे बायांच्या हातांचे दिवस. पाऊस साधला, की पंधरा-वीस दिवसांत सगळ्या शिवाराची लावणी उरकावी लागते. त्यामुळे दूरदूरच्या गावांतून बायांच्या टोळ्या नेल्या जातात. उजाडायच्या आधी टेम्पो गावात येतो, हॉर्न वाजवतो आणि जी चढली नाही तिची त्या दिवसाची मजुरी गेली. अंगावरच्या लेकराचे काय करायचे, हे ज्या त्या बाईने बघायचे.

त्या गावात मात्र सोय झाली होती. सरकारी पैशातून अंगणवाडीला जोडून पाळणाघर सुरू झाले होते. समाजमंदिराच्या एका खोलीत छताला झोळ्या बांधल्या होत्या, खाली चटया होत्या, कोपऱ्यात भाताचे आणि डाळीचे डबे होते. मजुरीला जाणाऱ्या आयांची वीसएक लेकरे दिवसभर तिथे राहत. सेविका बाळंतपणाच्या रजेवर होती. सगळा भार मदतनीस बाईवर होता. चाळिशीची, उंच, कमी बोलणारी बाई. लेकरे तिला मावशी म्हणत आणि गावातली मोठी माणसेही तेच म्हणत.

एका सकाळी मला फोन आला. फोन करणारा त्या गावचा ग्रामपंचायत सदस्य होता. मोहाच्या दारूच्या भट्ट्यांची पक्की खबर त्याने मला पूर्वी दोनदा दिली होती, म्हणून त्याच्या शब्दाला माझ्याकडे वजन होते. तो म्हणाला, "साहेब, तुमच्या हद्दीत सरकार लेकराईले अफू पाजून राहिलं. या, पाहून घ्या."

मी हसण्यावारी नेले असते. पण त्याच दुपारी ग्रामीण रुग्णालयातून ठाण्यात कागद आला. त्या गावचा दीड वर्षाचा मुलगा बेशुद्धीसारख्या झोपेत आणला आहे, हलवून जागा होत नाही, पोटात काही गेल्याचा संशय आहे, पुढे भंडाऱ्याला हलवत आहोत. मुलगा त्याच पाळणाघरात जाणारा होता. फोन आणि कागद एकमेकांत असे बसले, की मला वेगळा विचार करावासाच वाटला नाही. पोलिसाच्या कामात दोन गोष्टी इतक्या सहज जुळल्या, की जरा थांबावे. हे मला माहीत होते. मी थांबलो नाही.

गावात पोहोचलो तेव्हा समाजमंदिरासमोर पुरुष माणसे जमली होती. बाया सगळ्या शेतावर. दोन पंच घेतले आणि झडती सुरू केली. डबे उपसले, झोळ्या झटकल्या, चटया उलटल्या, मदतनीस बाईची पिशवी रिकामी केली. अफू मिळाली नाही. खिडकीत एक सहाण होती, तिच्याशेजारी वाटीत हळकुंड, वेखंड, बाळहिरडा. लेकरू असलेल्या कोणत्याही घरात गुटी उगाळायला असते तशीच. पंचनाम्यात मी तिचा उल्लेखही केला नाही. आम्ही अफू शोधत होतो आणि ती काळी गोळी सोडून दुसरे काही आमच्या डोळ्यांना दिसत नव्हते.

सदस्य कुलूप घेऊनच आला होता. मी ते लावायला सांगितले आणि किल्ली माझ्या खिशात टाकली. आत असलेली लेकरे आज्या-आजोबांनी, थोरल्या बहिणींनी उचलून नेली. एक दहा-अकरा वर्षांची पोरगी शाळेच्या गणवेशात दोन भावंडांना दोन कडेवर घेऊन गेली, ते मी पाहिले. पाहून जीपमध्ये बसलो.

आता तो तुकडा.

बाईमाणसाकडे विचारपूस करायची, तर तिच्या राहत्या घरी जाऊन, सोबत महिला कर्मचारी घेऊन करायची, असा नियम आहे. मी स्वतः तो शिपायांना शिकवत असे. तरीही मी मदतनीस बाईला जीपमध्ये बसवून ठाण्यात आणले. आमच्या महिला हवालदाराने वाटेत हळूच आठवण करून दिली, की सर, जबाब तर घरीच घ्यावा लागतो. मी म्हणालो, जबाब कुठे घेतो आहे, नुसती विचारपूस आहे. असे शब्द आमच्याकडे तयार असतात. जबाब लिहिला नाही, म्हणून स्टेशन डायरीत नोंद नाही, आणि नोंद नाही म्हणून ती बाई ठाण्यात आलीच नाही.

येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला दिसेल अशा बाकावर ती दिवेलागणीपर्यंत बसून राहिली. तालुक्याच्या बाजाराचा दिवस होता. तक्रारी घेऊन आलेली माणसे तिच्याकडे पाहत, एकमेकांच्या कानाला लागत. मी तिला अधूनमधून आत बोलवत होतो आणि तेच प्रश्न उलटसुलट करून विचारत होतो. लेकराला काय पाजलेस? कुणी आणून दिले? लेकरे झोपली की तुला आराम मिळतो ना?

माझा अनुभव असा, की खोटे बोलणारा माणूस लांब उत्तरे देतो आणि खरा माणूस चिडतो. ही बाई ना लांब बोलत होती, ना चिडत होती. "मी काही वावगं नाही देल्लं जी," एवढेच. पण बोलताना तिचा हात पदराच्या गाठीकडे जाई आणि मागे येई. ती काहीतरी लपवत होती, हे मला स्पष्ट दिसत होते. माझे निदान बरोबर होते. त्यावरून काढलेला निष्कर्ष चूक होता. लपवणारा प्रत्येक माणूस गुन्हेगार असतोच असे नाही, कधी तो नुसता घाबरलेला असतो.

संध्याकाळी तिने मला एकच प्रश्न विचारला.

"साहेब, तुमी मले इथं बसवून ठेवलं. उद्या ते लेकरं कोणापाशी राहतीन?"

मी म्हणालो, ती काळजी तुझी नाही. तिला घरी सोडायला सांगितले.

दुसऱ्या दिवशी मी भंडाऱ्याला गेलो. मुलगा शुद्धीवर होता, दूध पीत होता. डॉक्टर तरुण होते, पण बोलणे मोजके. मी अफूचे विचारल्यावर त्यांनी मान हलवली. अफू पोटात गेली, तर डोळ्याची बाहुली टाचणीच्या डोक्याएवढी बारीक होते, याची तशी नव्हती. श्वासही चांगला चालू होता. नमुने तपासायला पाठवले आहेत, निकालाला वेळ लागेल. मग ते म्हणाले, "एका वेळचं वाटत नाही. थोडं थोडं रोज जात असावं." मी ते वाक्य वहीत लिहून घेतले आणि त्याचा अर्थ माझ्या सोयीचा लावला. रोज जात असावे, म्हणजे रोज पाळणाघरात.

गुन्हा मी अजून नोंदवला नव्हता. सदस्य मात्र दिवसातून दोनदा फोन करायचा. बाईला आत टाका, समाजमंदिर मोकळे करा. पाळणाघर येण्यापूर्वी त्या खोलीत दुपारचा पत्त्यांचा डाव बसत असे, हे मला नंतर कळले. तो अफूचे खोटे सांगत नव्हता, एवढे मी त्याच्या बाजूने म्हणेन. लेकरू सुस्त पडलेले त्याने पाहिले होते आणि त्याला हवे होते ते त्यावरून मानून घेतले होते. मीही तेच केले होते.

पाळणाघराला कुलूप लागून चार-पाच दिवस झाले असतील. एका चोरीच्या तपासासाठी मी त्याच शिवारातून जात होतो. बांधावर छत्र्या उघडून ठेवल्या होत्या आणि प्रत्येक छत्रीखाली एकदोन लेकरे. काही रडत होती, काही चिखल खात होती. आया कमरेत वाकून ओळीने रोवत मागे मागे सरकत होत्या. रोवणीत चालणे उलटे असते. बाई जितकी रोवते तितकी लेकरापासून दूर जाते आणि तिची नजर हातातल्या पऱ्ह्यावर असते. जीपमधून मला एक चिमुकली पोरगी छत्रीखालून निघून बांधाने चाललेली दिसली. पुढे बोडी होती, म्हणजे शेतातले लहान तळे, त्या दिवसांत काठोकाठ भरलेले. ती पाण्याकडे हात करून हसत होती.

जीप थांबायच्या आत मी उडी मारली. मी पोहोचलो तेव्हा ती गळ्यापर्यंत पाण्यात गेली होती. मी बुटांसकट उतरलो आणि तिला उचलले. तिला काही झाले नव्हते. ती माझ्या खांद्यावरच्या चकचकीत ताऱ्याशी खेळू लागली.

तिची आई धावत आली. तिने पोर माझ्याकडून घेतली, पण आभार मानले नाहीत. मागून दुसऱ्या एका बाईने विचारले की साहेब कोणते, तर तिने ओळख करून दिली, "हेच ते. कुलूपवाले."

ओल्या बुटांनी जीपमध्ये बसलो. मदतनीस बाईने ठाण्यात विचारलेला प्रश्न पहिल्यांदा माझ्या कानात नीट शिरला. किल्ली त्या वेळीही माझ्या खिशात होती. ती पोरगी बुडाली असती, तर कागदावर ती अपघाती मृत्यू म्हणून लिहिली गेली असती आणि लिहिणारा मीच असतो.

त्याच आठवड्यात ग्रामीण रुग्णालयातून पुन्हा निरोप आला. तो दीड वर्षाचा मुलगा घरी जाऊन आठवडा व्हायचा होता आणि आजीने त्याला पुन्हा आणले होते. या वेळी बेशुद्ध नव्हता, पण डोळे उघडायला तयार नाही. मी सदस्याला सांगितले, की आता पाळणाघर बंद आहे, मावशी घरात बसून आहे, तरी पोर झोपतेच आहे. तो म्हणाला, तिने अफू कुणाच्या तरी हाती पाठवली असेल. त्या दिवसापासून मी त्याचे फोन घेणे बंद केले.

मग गुन्हेगार कोण? घरात पाहायचे, तर घरात तीन माणसे. बाप हैदराबादला बांधकामावर गेलेला, म्हणून राहिल्या आई आणि आजी. आई टेम्पोवर जाणारी. आजी लेकराशिवाय घास न गिळणारी. दोघींपैकी कुणी पोटच्या जिवाला विष घालेल, हे माझ्या मनाला पटत नव्हते. मदतनीस बाईबद्दलही आता पटत नव्हते. एका मुलाभोवती तीन बाया, तिघी त्याच्यावर जीव टाकणाऱ्या, आणि मुलगा मात्र जागा होत नाही.

उलगडा झाला तो ठाण्यातच, सकाळी ड्युटी बदलताना. कोठडीत एक आरोपी तापाने फणफणला होता. जाणारा ठाणे अंमलदार येणाऱ्याला चार्ज देत होता. किल्ल्या, हत्यारे, वायरलेस, कोठडीतील माणसे. शेवटी तो म्हणाला, "तापाची गोळी पहाटे दिली आहे. बारा वाजेपर्यंत देऊ नको, नाही तर डबल होईल."

मी चहाचा कप खाली ठेवला. आमच्या ठाण्यात चोरालाही एका हातातून दुसऱ्या हातात देताना काय खाल्ले, काय दिले, हे सांगितले जाते. तो मुलगाही रोज तीन हातांतून जात होता. पहाटे आईकडून आजीकडे, नंतर आजीकडून मावशीकडे, संध्याकाळी परत. त्याचा चार्ज कोण कुणाला देत होते?

मी गणवेश काढून ठेवला, साधे कपडे घातले आणि महिला हवालदाराला घेऊन त्या घरी गेलो. या वेळी विचारायचे काही नाही, फक्त बघायचे, असे ठरवले होते. माणूस तोंडाने फसवू शकतो, पण रोजच्या कामाची सवय लागलेल्या हाताला फसवणे जमत नाही.

आई त्या दिवशी घरी होती. तिला चुलीपाशी म्हटले, लेकराचे पहाटे काय काय करता, ते बोलू नका, नुसते करून दाखवा. तिने अंगारा लावला, दूध कोमट केले, सहाण घेतली. हळकुंड फिरवले, वेखंड फिरवले. मग तिचा हात फडताळातल्या डबीकडे गेला आणि मध्येच थांबला. हवालदार बाई तिच्याजवळ बसली आणि म्हणाली, ताई, होऊ द्या. आईने डबीतून जायफळ काढले. सहाणेवर उगाळून तिने ते दुधात कालवले आणि रडायला लागली. टेम्पो यायच्या वेळेला तो जागा झाला, तर सोडत नाही. जीव तुटतो, पाय निघत नाही, एक दिवस टेम्पो गेलासुद्धा. म्हणून थोडे जायफळ. आधी सहाणेवर एक वेढा उगाळायची, मग तो झोपेना म्हणून दोन.

आजी अंगणात होती. तिलाही तसेच सांगितले. उजाडल्यावर नातू उठतो, आई दिसत नाही म्हणून आक्रोश करतो. पाळणाघरात नेईपर्यंत तो रडून रडून निळा होतो. आजीने स्वतःची वेगळी सहाण गोठ्याच्या कोनाड्यातून काढली. तिचे जायफळ कमरेच्या चंचीत होते. सून पहाटे गुटी देते हे तिला ठाऊक होते, पण तिच्यात जायफळ असते हे नव्हते. ठाऊक होणार कसे? पाळणाघरात लेकरू घालायचे की नाही, यावरून दोघींत जे वाजले होते, तेव्हापासून अबोला होता. सासू भिंतीशी बोलायची आणि सून लेकराशी.

तिसरे घर मदतनीस बाईचे. दार उघडून तिने मला पाहिले आणि ती आत सरली. हवालदार बाईच पुढे झाली. मी ओट्यावर बसलो. मी सांगितले, की बाकी दोघींचे कळले आहे. तेव्हा ती बाहेर आली आणि पदराची गाठ सोडून अर्धे झिजलेले जायफळ माझ्यापुढे ठेवले. दुपारी तो मुलगा झोळीत कण्हत राहायचा, बाकीची लेकरेही मग उठायची. पाळणाघरात ठरवून दिलेल्या खाण्याशिवाय काही द्यायचे नाही, असा दंडक होता. तो तिने मोडला होता. काम जाईल म्हणून तिने तोंड उघडले नव्हते. तिचे म्हणणे असे, की दुपारी जरासे जायफळ कोणती आजी देत नाही?

मी तिघींना त्या मुलाच्या अंगणात एकत्र बसवले. तीन सहाणी मध्ये ठेवल्या, तिसरी पाळणाघराच्या खिडकीतून काढून आणलेली. सासू सुनेच्या सहाणेकडे बघत राहिली. जायफळाच्या डागावरून तिला सगळे कळले असावे. कित्येक महिन्यांत पहिल्यांदा ती सुनेशी बोलली.

"तू बी?"

"हो."

"मंग मले काहून नाही सांगतलं?"

"तुमी बोलता कोठी?"

सासूने तोंडाला पदर लावला. नंतर ती मदतनीस बाईकडे वळली आणि म्हणाली, "अन् तू वं? तुले तं बोलता येत होतं." मावशी म्हणाली, की तुम्ही पोरगा उंबऱ्यावर ठेवून तोंड फिरवून जात होत्या, मी कोणाशी बोलू? यावर सासू जी हसली, ती रडतच हसली आणि तिघीही तशाच. मी आणि हवालदार बाई अंगणाबाहेर जाऊन उभे राहिलो.

डॉक्टरांना फोनवर सगळे सांगितले. ते म्हणाले, की एवढ्याशा जिवाला मुळातच देऊ नये, आणि इथे तर तीन हातांचे रोज पडत होते. आता सर्वांनीच बंद करा, पोरगा चांगला होईल. तसेच झाले. काही दिवसांनी तो कोंबड्यांमागे असा पळायला लागला, की आजीला धरवेना. तपासणीचा निकाल पुढे आला, त्यात अफूचा अंश नव्हता. चौकशी बंद झाली. कुणावर गुन्हा नाही, कुणाला अटक नाही. माझ्या नोकरीतले सर्वांत आनंदाने बंद केलेले प्रकरण ते.

पण पाळणाघर नुसते उघडून भागणार नव्हते. खरी अडचण त्या पहाटेच्या वेळात होती. टेम्पो अंधारात यायचा आणि पाळणाघर ऊन चढल्यावर उघडायचे. तेवढ्या फटीत आया लेकरांना झोपवत होत्या. मी बालविकास प्रकल्पाच्या कार्यालयात जाऊन बसलो. तिथल्या अधिकारी बाईंनी आधी माझे म्हणणे शांतपणे ऐकले आणि मग विचारले, पोलीस खाते पाळणे कधीपासून हलवायला लागले. पण त्या स्वतः गावात आल्या. सभा झाली. सदस्य उठून म्हणाला, की समाजमंदिर सगळ्या समाजाचे आहे, नुसत्या लेकरांचे नाही. मागून एक म्हातारी बाई बसल्या जागेवरून बोलली, "बाबू, पत्त्याईले पाळणा नाही लागत." सभा हसली. सदस्य खाली बसला आणि ठराव झाला. रोवणी आणि कापणीच्या दिवसांत पाळणाघर टेम्पोच्या आधी उघडायचे. पहाटे मावशीच्या जोडीला कुणी बसायचे, असा प्रश्न आला. मग त्या मुलाची आजी उठून उभी राहिली. जी बाई सरकारच्या दारात नातू ठेवायला तयार नव्हती, ती.

उघडण्याच्या पहाटे मी गणवेशात गेलो. टेम्पो उभा होता, ड्रायव्हर हॉर्नवर हात ठेवून होता, पण एकही बाई चढत नव्हती. सगळ्या लेकरे घेऊन समाजमंदिरासमोर उभ्या होत्या. मी किल्ली मावशीला द्यायला गेलो, तर तिने हात पुढे केला नाही. म्हणाली, ज्याने लावले त्याने काढावे. मी कुलूप काढले. ती आत गेली, एका झोळीची गाठ ओढून पाहिली, दुसरीची पाहिली. मग बाहेर येऊन उंबऱ्यावर उभी राहिली.

उंबऱ्यावर एक नवा रिवाज सुरू झाला. प्रत्येक आईने लेकरू देताना मोठ्याने सांगायचे, काय पाजले, काय खाल्ले, रात्री झोपला की नाही. "दूध पेला, गुटी नाही." "रातभर रडला, दात येऊन राहिले." आजी ते ऐकून मान हलवायची आणि लेकरू आत घ्यायची. चार्ज देणे याहून चांगले मी कोणत्याही ठाण्यात पाहिलेले नाही.

मी निघालो. जीपपर्यंत गेलो. खरे सांगायचे तर मी तसाच निघून जाणार होतो. सगळे चांगले झाले होते, बाया खूष होत्या, वरिष्ठांचा फोन येऊन गेला होता. अहवाल मी आदल्या दिवशी पाठवला होता आणि त्यात लिहिले होते, की मदतनीस यांच्याकडे त्यांच्या राहत्या घरी विचारपूस केली. ती बाजाराच्या दिवशी बाकावर दिवेलागणीपर्यंत बसली होती, हे सगळ्या तालुक्याने पाहिले होते. फक्त सरकारी कागदाला ते माहीत नव्हते.

महिला हवालदार जीपच्या दाराशी उभी होती. तिने दार उघडले नाही. मी परत फिरलो.

उंबऱ्यापाशी जाऊन मी मदतनीस बाईला म्हणालो, की तुम्हाला ठाण्यात नेले ते नियमाविरुद्ध होते. तुमचा काही अपराध नसताना मी तुम्हाला लोकांपुढे बसवले. मला माफ करा. आवाज मी मुद्दाम लहान ठेवला होता. इतक्या वर्षांत जनतेसमोर असे वाक्य बोलण्याची सवय नव्हती.

तिच्या कडेवर एक लेकरू होते. तिने ते दुसऱ्या कडेवर घेतले आणि माझ्याकडे सरळ पाहिले.

"साहेब, जरा मोठ्यानं बोला. मांगच्या बायाईले ऐकू नाही आलं."

मी टोपी काढली, वळलो आणि टेम्पोपर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात सगळे पुन्हा बोललो. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. एका बाईने नुसते "हं" केले आणि ती टेम्पोत चढली. मग दुसरी चढली. पाहता पाहता टेम्पो भरला आणि त्या रोवायला गेल्या. त्यानंतर त्या वर्षी त्या गावच्या एकाही बाईची मजुरी लेकरापायी बुडाली नाही.

या प्रकरणाने मला काय शिकवले, असे वर्गात विचारत, तेव्हा मी सांगायचो, की "कुणी केले" एवढेच विचारू नका, "त्याच्या आधी कुणी आणि नंतर कुणी" हेही विचारा. ते खरेच आहे आणि पुढच्या कित्येक तपासांत उपयोगी पडले. पण पूर्ण धडा तेवढा नव्हता. त्या तिघींनी एकमेकींपासून लपवले ते भीतीने, आणि सांगितले ते तिघी समोरासमोर बसल्यावर, एकाच दिवसात. मी कागदापासून लपवले ते सोयीसाठी, आणि सांगायला मला खुर्ची सोडेपर्यंत वेळ लागला. त्या बायांपुढे मी मोठ्याने बोललो होतो. माझ्या खात्यापुढे आणि तुमच्यापुढे आज बोलतो आहे. त्या दिवशी ती बाई ठाण्यात होती. मीच तिला आणले होते.